गोव्यातली आठवडाभराची टेक कॉन्फरन्स: सात दिवस, सात माणसं

मी डिचोलीची. नोकरी पणजीत, काम सर्व्हर आणि डेटाबेस सांभाळण्याचं. घराजवळ होतात म्हणून गोव्यातल्या टेक कॉन्फरन्सना मी बरीच वर्षं जाते आहे, कधी तिकीट काढून, कधी स्वयंसेवक म्हणून नोंदणीच्या टेबलापाशी बसून. त्या टेबलावरून एक गोष्ट दरवर्षी दिसते. पुण्या-मुंबईहून, कोल्हापूर-नागपूरहून आलेली आपली हुशार मुलंमुली पहिल्या दिवशी बॅज गळ्यात घालतात, शेवटच्या दिवशी तो काढतात आणि मधल्या आठवड्यात सोबत आलेल्या दोन सहकाऱ्यांपलीकडे कुणाशी बोललेली नसतात. भाषणं मात्र सगळी ऐकलेली असतात.

माझ्या पहिल्या कॉन्फरन्सला मीही तेच केलं होतं. सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत एका हॉलमधून दुसऱ्या हॉलमध्ये. तिसऱ्या दिवशी डोकं इतकं दुखायला लागलं की चौथा दिवस घरी झोपून काढला. त्यातली जवळजवळ सगळी भाषणं महिन्याभरात यूट्यूबवर आली. ज्यांना भेटायचं होतं ती माणसं मात्र आपापल्या गावी निघून गेली होती.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे: रोज एक माणूस, पण नीट. सात दिवसांत सात. हा लेख त्या नियमाभोवतीच लिहिला आहे. प्रवास, राहणं, खाणंपिणं याबद्दलही सांगणार आहे, कारण ते फसलं की संध्याकाळी माणसांशी बोलायला अंगात त्राण उरत नाही.

दोन महिने आधी

तारखा बघताना गोव्याचं कॅलेंडरही बघा. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात पणजीत इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो (२००४ पासून तो इथंच भरतो), ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, मग नाताळ-नववर्ष आणि फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास कार्निव्हल आणि शिगमो. कॉन्फरन्स यांपैकी कशाच्या आसपास असेल तर खोली आधी ठरवा आणि बाकीचं मग. नाताळात खोल्यांचे भाव दुपटी-तिपटीने चढलेले मी पाहिले आहेत.

पैशांचा प्रश्न असेल तर गप्प बसू नका. समाजाने चालवलेल्या, म्हणजे ओपन सोर्सवाल्यांच्या कॉन्फरन्समध्ये बहुतेक वेळा प्रवासखर्चाची मदत असते. तिचा अर्ज तिकीटविक्रीच्या बराच आधी बंद होतो. स्वयंसेवकांना अनेक ठिकाणी प्रवेश मोफत असतो. आणि बोलायला उभे राहिलात तर प्रश्नच मिटला. पहिल्यांदा जाणाऱ्याने चाळीस मिनिटांच्या भाषणाचा प्रस्ताव पाठवायची गरज नाही. पाच मिनिटांचं लाइटनिंग टॉक पुरतं, आणि त्याची नावनोंदणी बऱ्याच ठिकाणी तिथं गेल्यावरच होते. विषय मोठा नसला तरी चालतो. तुमच्या ऑफिसात एक गोष्ट बिघडली, ती कशी सापडली, एवढं सांगितलंत तरी नंतर तीन माणसं येऊन बोलतात. आपणहून कुणाकडे जायला संकोच वाटतो त्यांना यापेक्षा सोपी वाट मला माहीत नाही.

ऑफिसची परवानगी मागताना "शिकायला जाते" म्हणू नका. एका पानावर लिहून द्या: आपल्या टीमला सध्या अडलेले तीन प्रश्न, ते कुणाला विचारणार, परत आल्यावर टीमला काय दाखवणार. आमच्याकडे या एका पानावर रजा नव्हे, कामाचे दिवस मिळाले.

वेळापत्रक उलटं वाचा

सगळे विषय वाचतात, तुम्ही नावं वाचा. कोण येतंय? त्यातली कुणाची लायब्ररी तुम्ही रोज वापरता? तुमची बग रिपोर्ट कुणी बंद केली होती? कुणाच्या लेखाने तुमची एक रात्र वाचवली? अशी दहा नावं काढा आणि त्यातल्या पाच जणांना दोन आठवडे आधी लिहा. मजकूर छोटा असू द्या. मी असा लिहिते:

"नमस्कार. मी पणजीत एका कंपनीत डेटाबेसचं काम करते. मंगळवारच्या तुमच्या सत्राला येणार आहे. आमच्याकडे रेप्लिकेशन मागे पडतं आणि दोन उपाय करून झाले आहेत. त्या दिवशी दुपारी चहाला पंधरा मिनिटं भेटता येईल का? नाही जमलं तरी हरकत नाही, सत्र ऐकणारच आहे."

स्तुती एका ओळीपेक्षा जास्त नको. आपण कोण, प्रश्न काय, वेळ किती, एवढं त्यात असलं की झालं. पाचातले दोघं उत्तर देतात, आणि दोन पुष्कळ झाले.

यायचं कसं, उतरायचं कुठं

गोव्यात आता दोन विमानतळ आहेत. दक्षिणेला वास्कोजवळ दाबोळी, आणि उत्तरेला पेडणे तालुक्यात मोपा, जो जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला. तिकिटावर दाबोळीची खूण जीओआय आणि मोपाची जीओएक्स असते. हे न बघता तिकीट काढणारा दरवर्षी कुणीतरी भेटतोच. मोपाहून पणजी साधारण ३५ किलोमीटर, पण मडगावच्याही पुढं दक्षिणेच्या किनाऱ्यावरच्या हॉटेलात कॉन्फरन्स असेल तर मोपाहून अख्खा गोवा ओलांडावा लागतो. मोपाहून कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बसही मिळतात.

कोकण रेल्वेने येणाऱ्यांनी स्टेशनही तसंच बघून घ्यावं. म्हापसा-कळंगुट बाजूला जायचं तर थिवी, पणजीला करमळी, दक्षिणेला मडगाव. मुंबईहून रात्रीची कोकणकन्या धरली की सकाळी कोकणातली हिरवळ बघत येता येतं. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं आणि गाड्या सावकाश धावतात. पहिल्याच दिवशी तुमचं भाषण असेल तर आदल्या रात्रीची गाडी नको, एक दिवस हाताशी ठेवून निघा.

राहायचं कॉन्फरन्सच्या जागेपासून चालत जाता येईल इतक्या जवळ. हे मी अगदी आग्रहाने सांगते. "गोव्याला जातोच आहोत तर बीचवर राहू" म्हणून कॉन्फरन्स दोनापावलाला आणि खोली दूर हणजुण्याला (अंजुना) असं करणारे संध्याकाळी सहालाच परतीच्या टॅक्सीच्या मागे लागतात. खरी ओळख जेवणानंतर, हॉटेलच्या पायरीवर बसून होते, आणि नेमके त्याच वेळी ते नसतात. समुद्रासाठी एक दिवस पुढं राहा.

फिरण्याबद्दल थोडं. ओला-उबर धरून चालू नका, इथं गोवा माइल्सचं ॲप चालतं किंवा स्टँडवरची टॅक्सी. टॅक्सीचं भाडं बसण्याआधी ठरवावं. एकट्याला जवळ जायचं तर पायलट, म्हणजे पिवळ्या-काळ्या मोटरसायकलवरचा चालक, सर्वांत सोयीचा. भाड्याने दुचाकी घ्याल तर नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी आहेत ना ते बघा. पांढऱ्या प्लेटची खाजगी गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे आणि पोलिसाने अडवलं तर भुर्दंड तुम्हाला पडतो. पणजी-मडगाव, पणजी-वास्को, पणजी-म्हापसा या मार्गांवर कदंबच्या शटल बस आहेत. तिकीट स्टँडवरच काढायचं, मग बस मध्ये थांबत नाही. संध्याकाळी मात्र बस लवकर आटोपतात, रात्रीच्या जेवणावरून परतताना त्यांच्या भरवशावर राहू नका.

बॅगेत काय

सुती कपडे, पण एक शाल किंवा पातळ जाकीट हवंच, कारण बाहेर घाम आणि हॉलमध्ये कुडकुडायला लावणारा एसी. दिवसाला चार वेळा हे ऊन-थंडी झालं की दुसऱ्या दिवशी घसा बसतो, आणि घसा बसलेला माणूस कुणाशी काय बोलणार? पायात सवयीच्या चपला किंवा बूट, नवे कोरे नकोत. पाण्याची बाटली, जलसंजीवनीची पाकिटं, आणि जून ते सप्टेंबरमध्ये येणार असाल तर मोठी छत्री.

चार-पाच खाचांचं एक्स्टेन्शन बोर्ड घ्या. हॉलमध्ये प्लग कमी आणि लॅपटॉप फार. ज्याच्याकडे बोर्ड आहे त्याच्या टेबलाशी माणसं आपणहून येतात, "इथं लावू का?" विचारतात, आणि बोलणं सुरू होतं. माझ्या दोन जुन्या ओळखी या बोर्डावर झाल्या आहेत.

लॅपटॉप घरीच अद्ययावत करून, बॅकअप घेऊन, डिस्क एन्क्रिप्ट करून आणा. जे कोड-भांडार लागणार ते आधीच उतरवून ठेवा, कारण पाचशे माणसं एका वायफायवर आली की ते रांगतं. वायफायशी आपोआप जोडलं जाण्याची सोय बंद ठेवा, व्हीपीएन वापरा, चार्जर स्वतःचाच. सुरक्षेच्या कॉन्फरन्सला जात असाल (नलकॉन २०१० साली गोव्यातच सुरू झाली) तर ब्लूटूथही बंद, आणि कामाच्या लॅपटॉपऐवजी जुना लॅपटॉप आणलेला बरा.

आणि एक छोटी वही. मोबाइलवर टिपून चालत नाही का? चालतं, पण समोरचा बोलत असताना तुम्ही मोबाइल काढलात की त्याला वाटतं तुमचं लक्ष उडालं. वही काढलीत की त्याला वाटतं आपलं बोलणं कुणीतरी लिहून घेतंय.

पहिला दिवस: कोंडाळं मोडायचं

शक्य असेल तर आदल्या संध्याकाळीच नोंदणी करून बॅज घ्या. गर्दी नसते, आयोजक निवांत असतात, आणि सकाळी रांगेत उभं राहण्याऐवजी तुम्ही चहापाशी असता.

ओळख करून देताना पदनाम सांगून कुणाच्या काही लक्षात राहत नाही. दोन वाक्यं तयार ठेवा: काय करता, आणि सध्या काय छळतंय. "मी सीनिअर इंजिनिअर" यावर समोरचा "अच्छा" म्हणतो आणि थांबतो. "मी एका हॉस्पिटलच्या नोंदींचा डेटाबेस सांभाळते, आणि सध्या जुन्या मराठी फॉन्टमधल्या नोंदी युनिकोडमध्ये आणायचं काम डोक्यावर आहे" म्हटलं की त्याला विचारायला चार गोष्टी मिळतात. आपणही तसंच विचारावं. "तुम्ही कुठे असता?" पेक्षा "सध्या कशावर काम चाललंय, आणि कुठं अडलंय?" बरं.

आता आपल्या माणसांबद्दल. परमुलखात मराठी कानावर पडलं की आपण हरखतो आणि कोंडाळं करून उभे राहतो. पाठी बाहेर, तोंडं आत. त्यात बाहेरच्याला शिरायला फट नसते आणि आपल्यालाही बाहेर पडता येत नाही. एरिक होल्शर या प्रोग्रामरने यावर एक साधा उपाय सांगितला आहे, पॅकमॅनचा नियम. घोळक्यात उभे असाल तर नेहमी एका माणसाची जागा मोकळी ठेवा, म्हणजे गोल जुन्या व्हिडिओ गेममधल्या पॅकमॅनच्या उघड्या तोंडासारखा दिसला पाहिजे. कुणी येऊन उभं राहिलं की त्याला चालू विषय एका वाक्यात सांगा आणि पुन्हा जागा करा. मला हा नियम फार आवडतो, कारण तो लाजऱ्या माणसाचाही विचार करतो. फट दिसली की आत शिरायला धीर होतो.

भाषेचंही तसंच. चौघं मराठीत बोलत असताना पाचवा तमिळ किंवा कन्नड बोलणारा आला की तिथल्या तिथं हिंदी-इंग्रजीवर या. इंग्रजी कच्चं असलं तरी बोला. या क्षेत्रात लोक व्याकरण मोजत नाहीत, मुद्दा ऐकतात. मी डिचोलीत मराठी शाळेत शिकले, पहिली दोन वर्षं कॉन्फरन्समध्ये प्रश्न विचारताना माझे हात थरथरायचे. प्रश्न आधी वहीत लिहून मग माइकपाशी जायचं, या सवयीने ते थांबलं.

मधले दिवस

आठवड्याची एक चाल असते. पहिले दोन दिवस उत्साहाचे, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी थकवा, चौथ्यावर चिडचिड, आणि सहाव्या-सातव्याला, जेव्हा निम्मे लोक गेलेले असतात, सर्वांत चांगली बोलणी. अनुभवी आयोजकांना हे माहीत असतं. कोचीला सप्टेंबर २०२३ मध्ये डेबकॉन्फ, म्हणजे डेबियन या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांची परिषद, झाली. या परिषदेच्या आठवड्यात मध्येच एक दिवस सहलीसाठी राखलेला असतो आणि परिषदेआधी कॅम्पचे दिवस, ज्यात नुसतं एकत्र बसून काम करायचं. तुमच्या कॉन्फरन्सने अशी सुट्टी ठेवली नसेल तर ती तुम्ही घ्या. तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशीची दुपार मोकळी सोडा.

दिवसाला तीन सत्रं, त्याहून जास्त नको. निवडताना एक कसोटी लावा: याचा व्हिडिओ येणार आहे का? येणार असेल तर ते सोडा आणि कार्यशाळेला किंवा समविचारींच्या बैठकीला जा. या बैठकांना बीओएफ म्हणतात. दहा-पंधरा माणसं गोल बसतात, व्यासपीठ नसतं आणि बहुधा चित्रीकरणही नसतं. तिथं लोक खरं बोलतात, कुठलं साधन गाजतंय आणि कुठलं प्रत्यक्षात डोकेदुखी आहे ते. तुम्हाला हवी ती बैठक वेळापत्रकात नसेल तर फलकावर चिठ्ठी लावून तुम्हीच बोलवा. "जुन्या मराठी फॉन्टकडून युनिकोडकडे, दुपारी ४, कँटीनच्या कोपऱ्यात" एवढं लिहिलं तरी माणसं येतात.

बसलेल्या सत्रात काही मिळत नसेल तर शांतपणे उठा. हॅरिसन ओवेनच्या ओपन स्पेस पद्धतीत याला दोन पायांचा नियम म्हणतात: तुम्ही शिकत नसाल आणि काही देतही नसाल, तर पाय तुम्हाला दुसरीकडे नेण्यासाठीच आहेत. आपल्याकडे मध्येच उठणं म्हणजे वक्त्याचा अपमान असं वाटतं. दाराजवळची खुर्ची धरा, म्हणजे कुणाला त्रास होत नाही.

ताटावरची ओळख

दुपारचं जेवण आठवड्यात दोनदा तरी कॉन्फरन्सच्या बुफेतून बाहेर काढा. पणजीत साध्या खाणावळीतलं ताट म्हणजे उकडा भात, हुमण, तळलेली मासळी, किसमूर, एखादी भाजी आणि सोलकढी. चौघांचं टेबल धरायचं, त्यात दोन ओळखीचे आणि दोन अनोळखी.

एका वर्षी माझ्यासमोर नागपूरचा एक मुलगा बसला होता. ताटात रव्यात तळलेला अख्खा बांगडा आला आणि तो नुसता बघत राहिला. "ताई, याचं काय करायचं?" मी दाखवलं: बांगड्याच्या कुशीवर मधोमध डोक्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ असते, तिथं बोटाने हलकं दाबायचं. वरचं मांस दोन फाकांत सुटतं. मग शेपटीकडून काटा धरून सावकाश उचलायचा, तो अख्खा डोक्यासकट वर येतो आणि खालची बाजू तशीच मोकळी राहते. कडेचे बारीक काटे जिभेला लागतील, ते काढत खायचं, घाई नाही. त्याचा पहिला काटा मध्येच तुटला, दुसऱ्या बांगड्याला जमलं. हे करताना तो बोलू लागला. त्यांच्या पोस्टग्रेस डेटाबेसच्या सर्व्हरची डिस्क दर पंधरवड्याला भरत होती आणि ते जागा वाढवत चालले होते. मी विचारलं, मध्ये कुठला रेप्लिका, म्हणजे मुख्य सर्व्हरची नक्कल ठेवणारा, सर्व्हर बंद केलात का? केला होता, दोन महिन्यांपूर्वी. पण मुख्य सर्व्हरवरची त्याच्या नावाची नोंद, म्हणजे रेप्लिकेशन स्लॉट, कुणी काढलाच नव्हता. मुख्य सर्व्हर त्या न येणाऱ्या रेप्लिकासाठी बदलांच्या नोंदींच्या वॉल फायली साठवत बसला होता. मी त्याला म्हटलं, स्लॉटची यादी बघ, निष्क्रिय असेल तो खात्री करून काढ, आणि अशा साठ्याला मर्यादा घालणारी सेटिंग पोस्टग्रेस १३ पासून आहे, ती लाव. त्याने मासळीच्या हाताने नको म्हणून डाव्या हाताने वहीत लिहून घेतलं. आम्ही आजही एकमेकांना अडल्या वेळी फोन करतो.

शाकाहारी माणसाला गोव्यात उपाशी राहावं लागतं ही समजूत काढून टाका. इथं शाकाहारी जेवणाला शिवराक म्हणतात, आणि सोमवारी किंवा श्रावणात कितीतरी हिंदू घरांतून शिवराकच असतं. खतखतें, मुगागाठी, पातळ भाजी-पाव, मिरच्यांची भजी. सकाळी आठला पणजीत कॅफे तातो किंवा कॅफे भोसलेसारख्या ठिकाणी भाजी-पाव खाताना टेबल वाटून घ्यावंच लागतं, आणि गळ्यात त्याच कॉन्फरन्सचा बॅज असलेला कुणीतरी समोर येऊन बसतो.

संध्याकाळी

गोव्यातल्या कॉन्फरन्सच्या संध्याकाळी दारू असते. प्यायलात तर ठीक, नाही प्यायलात तरी ठीक. हातात कोकम सोड्याचा ग्लास असला की कुणी विचारत नाही. जो आग्रह करतो त्याच्यापाशी थांबू नका, आणि तुम्ही कुणाला आग्रह करू नका. फेणी चाखायचीच असेल तर जेवल्यावर, थोडी. मार्च ते मे मिळणारा हुराक, म्हणजे काजूच्या रसाची फेणीहून हलकी दारू, लिंबू-सोड्यात गोड लागतो आणि हळूच चढतो. किनाऱ्यावर उघड्यावर पिण्याला दंड आहे. पिऊन गाडी नाही, आणि पिऊन समुद्रात तर कधीच नाही. अंधार पडल्यावर, लाल बावटा असताना किंवा पावसाळ्यात पाण्यात उतरू नका. पोहता येतं असं म्हणणारी माणसंही समुद्राच्या ओढीत सापडतात. घोळक्याने गेलात तर परतताना माणसं मोजा.

बायकांसाठी, मी स्वतः पाळते ते: परतीची गाडी जेवणाआधीच ठरवायची, रात्री दोघी-तिघींनी मिळून निघायचं, चालू प्रवासाचा ठिकाणा एका मैत्रिणीला पाठवायचा. कॉन्फरन्सची आचारसंहिता बघणाऱ्यांचा नंबर पहिल्याच दिवशी मोबाइलमध्ये घालून ठेवा. कुणी अंगचटीला येत असेल तर "उगाच कशाला" म्हणून गप्प राहू नका, लगेच सांगा. स्वयंसेवक म्हणून मी अशा तक्रारी ऐकल्या आहेत. वेळेवर सांगितलं तर पुष्कळ करता येतं. आणि पुरुषांनो, कामाचं बोलणं बॅजकडे नव्हे, चेहऱ्याकडे बघून करा, आणि खोलीवर येण्याचं आमंत्रण कामाच्या नावाखाली देऊ नका.

मोकळी दुपार

ती दोघा-तिघांना घेऊन काढा, एकट्याने नको. माझा आवडता बेत जुन्या गोव्याचा. आपल्या धंद्यातल्या माणसाला तिथं बघण्यासारखं चर्चपलीकडेही आहे. १५५६ साली भारतातला पहिला छापखाना तिथं सेंट पॉल कॉलेजात लागला. तो निघाला होता ॲबिसिनियाला (आजचा इथिओपिया), राहिला गोव्यात. त्या कॉलेजची आता एक कमान उभी आहे. पुढं १६१६ मध्ये साष्टीतल्या राशोलला फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं. मराठी ओव्या, पण रोमी लिपीत, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. ज्याने कधी तुटलेली जोडाक्षरं दुरुस्त करत रात्र काढली आहे त्याला त्या कमानीखाली उभं राहून हे सांगा, बघा तो किती बोलतो ते.

तिथून व्हाइसरॉयच्या कमानीखालून धक्क्यावर जा आणि दिवाडीची फेरी धरा. पायी जाणाऱ्याला पैसे पडत नाहीत, काही मिनिटांत पलीकडे. पणजीतच राहायचं असेल तर बेतीची फेरी आहेच, नाहीतर फोंतेन्हास या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या वस्तीतल्या गल्ल्या. ऊन असह्य झालं तर पाट्टोवरचं कृष्णदास शामा ग्रंथालय. १८३२ साली स्थापन झालेलं, शांत, आणि रोज घसा ताणून बोलल्यावर तासभर गप्प बसायला चांगलं.

कोकणीबद्दल एक विनंती

इथं मराठी बहुतेकांना कळते, आमच्या डिचोली-पेडण्या-सत्तरीत तर भजनं, नाटकं, वर्तमानपत्रं मराठीतच चालतात. पण १९८७ च्या कायद्याने राजभाषा कोकणी आहे आणि तिच्यासाठी इथल्या लोकांनी मोठा लढा दिला आहे. पाहुणा म्हणून येऊन "कोकणी म्हणजे मराठीचीच बोली ना?" असं जेवणाच्या टेबलावर विचारू नका. विचारणाऱ्याच्या मनात काही नसतं, पण ऐकणाऱ्याला लागतं. उलट दोन शब्द बोला. "कशें आसा?" म्हणा, निघताना "देव बरें करूं" म्हणा. वडीलधाऱ्याला बाब, बाईला बाय. पायलटपासून कॉन्फरन्सच्या इलेक्ट्रिशियनपर्यंत सगळे खुलतात, आणि माइक बंद पडल्यावर हाच इलेक्ट्रिशियन तुमचं भाषण वाचवतो.

रोज रात्री दहा मिनिटं, आणि नंतर

झोपण्याआधी वहीचं एक पान. आज नीट बोललेलं एक नाव, तो काय करतो, त्याला काय अडलंय, मी काय देईन म्हटलं, तो काय देईन म्हणाला. चेहरा आठवायला एक खूण. माझ्या वहीत "बांगडा, नागपूर, डिस्क" असंच आहे. तीस कार्डं किंवा लिंक्डइनच्या साठ जोडण्या आठवड्याने सारख्याच दिसतात, पान मात्र वर्षानेही बोलतं.

शेवटच्या दिवशी दुपारची गाडी धरू नका. शेवटच्या दिवसांत कोडिंग स्प्रिंट, म्हणजे एकत्र बसून कोड लिहिण्याच्या बैठका, असतील तर थांबाच. तिथं नावाजलेली माणसं शेजारी बसून तुमचा पहिला पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, तपासतात.

घरी पोचल्यावर सात दिवसांच्या आत सातही जणांना लिहा, आणि नुसतं "भेटून आनंद झाला" नको. कबूल केलेली वस्तू सोबत जोडा. त्या मुलाला मी लिहिलं होतं: "स्लॉट शोधायची क्वेरी जोडते आहे. आधी टेस्ट सर्व्हरवर चालवून बघ. काढण्यापूर्वी तो रेप्लिका खरंच परत येणार नाही ना, ते तुझ्या सरांना विचार. काय झालं ते कळव." ज्यांचं उत्तर आलं नाही त्यांना महिन्याने एकदा, एकदाच, आठवण करा. ऑफिसात त्या एका पानावरच्या तीन प्रश्नांची उत्तरं चहाच्या वेळी टीमला सांगा. आणि वही कपाटात टाकू नका, पुढच्या वर्षीची दहा नावं काढताना तीच आधी उघडायची आहे.